आप्पा, गोडाऊनची स्लॅब जरा थांबवा

ग्लासगो, रविवार

ती. आप्पा आणि ती. काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन झाला त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण ऑफिसात एका शाळेच्या ड्रॉइंगची मुदत अंगावर आली आणि राहिलं. तुम्ही म्हणालात, "फोनवर तू भरभर बोलतीस, कमिटीला काय सांगायचं ते कागदावर लिहून धाड, मी वाचून दाखवतो." म्हणून हे सविस्तर पत्र. मध्येच तुमच्या-माझ्यातलं काही आलं तर ते तेवढं गाळून वाचा.

गावच्या शेती-अवजारांच्या संग्रहालयासाठी तालुक्याच्या कॉन्ट्रॅक्टरनं काढलेला नकाशा नीट बघितला. सोसायटीच्या जुन्या गोडाऊनचे पत्रे उतरवून स्लॅब, खाली चकाचक फरशी, चारी भिंतींना काचेची कपाटं, पीओपीचं छत, दोन एसी आणि दारावर सिमेंटची बैलजोडी. माणूस कामसू दिसतो, मापं चोख आहेत. पण आप्पा, हा नकाशा सराफाच्या दुकानाचा झाला. कपाटात विळा मावेल, खुरपं मावेल. गाडी कुठं उभी करणार? पेरणीची पाभर त्या दारातून आडवी घातल्याशिवाय आत जायची नाही. आणि वर जी गॅलरी दाखवली आहे, तिथं उसाचा लोखंडी चरक चढवायचा म्हणताय. घराची स्लॅब धरतात चौरस मीटरला साधारण दोनशे किलोच्या हिशेबानं. चरक एका जागी किती भार टाकेल ते तुम्हीच सांगा. तो उतरवायला किती गडी लागले होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझं म्हणणं एकच आहे. शेतीच्या वस्तू शोभेसाठी घडलेल्या नसतात, त्या फिरण्यासाठी, ओढण्यासाठी, पेरण्यासाठी घडलेल्या असतात. त्या फिरायला जेवढी जागा लागते तेवढी आधी मोजायची, मग तिच्याभोवती भिंत घालायची. भिंती आधी बांधल्या की अवजारं खिळ्याला टांगण्यापलीकडं काही उरत नाही.

हे मला इथं राहून जास्त पटलं. ग्लासगोच्या दक्षिणेला, ईस्ट किलब्राइडच्या कडेला किटॉकसाइड म्हणून जागा आहे. तिथं स्कॉटलंडचं ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. रीड नावाचं घराणं १५६७ पासून ती जमीन कसत होतं, दहा पिढ्या. १९९२ साली त्यांनी घर, गोठे आणि सुमारे १७० एकर रान सगळं एका राष्ट्रीय न्यासाला देऊन टाकलं. २००१ साली संग्रहालय उघडलं, उद्घाटनाला राणी आली होती. इमारत पेज अँड पार्क या ग्लासगोच्याच आर्किटेक्ट फर्मची. एखादा नवशिका असता तर त्यानं जुन्या वाड्याला खेटून काचेचा महाल उभा केला असता. यांनी इमारत वाड्यापासून चांगली लांब ठेवली, कोठाराच्या धाटणीची. आत जमीन, माणसं आणि अवजारं अशी तीन दालनं. ती बघून झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायचं आणि शेतावर जायचं. हो, ट्रॉलीतच! सुटाबुटातले लोकही उसाच्या फडावर निघाल्यासारखे दांडीला धरून बसतात. तिकडं गायी आहेत, एअरशायर जातीच्या, तांबड्या-पांढऱ्या. त्यांची धार लोकांसमोर काढतात. गवत कापतात, वाळवतात, साठवतात. म्हणजे मोठं प्रदर्शन ते शेतच. इमारत त्याची प्रस्तावना.

त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. 'शेतीचा इतिहास' म्हटलं की लोक दगडी कुऱ्हाडीपासून ड्रोनपर्यंत सगळं भरायला बघतात. यांनी शेत एका काळावर थांबवलं: १९५० चं दशक. घोडा जाऊन ट्रॅक्टर येत होता ती वर्षं. तबेल्यात क्लाइड्सडेल जातीचा घोडा, पलीकडं त्या काळचा ट्रॅक्टर. करडा फर्ग्युसन तुम्ही बघितलात तर ओळखाल, आपल्या मॅसीचा आजाच तो. हॅरी फर्ग्युसननं अवजार ट्रॅक्टरला मागं ओढत न्यायच्या ऐवजी तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकनं उचलायची रीत आणली. आज तुम्ही लिव्हर ओढून रोटर उचलता ती तीच. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली आणि जोडनाव झालं.

तर कमिटीला पहिला प्रश्न हा टाका: आपण काळ कुठं थांबवायचा? माझं मत, विहिरीवरची बैलांची मोट बंद पडून इंजिन आणि मग विजेचा पंप आला, ती वर्षं. बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडची-पलीकडची. मोट हाकलेली माणसं गावात अजून चार-दोन तरी आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला बदल आहे. त्यामागचं सगळं ओळीत उभं करायचा हट्ट नको.

आता मापांचं बघा. इथं एडिंबराच्या पूर्वेकडच्या जुन्या शेतवाड्यांवर कोठाराला चिकटून एक गोल नाहीतर अष्टकोनी खोली दिसते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला देऊळ वाटलं. तसं काही नाही. १७८६ साली त्याच भागात अँड्र्यू मीकल या कारागिरानं मळणीचं यंत्र चालतं करून दाखवलं. ते फिरवायला घोडे जुंपायचे, घोडे गोल फिरायचे, आणि पावसात ते भिजू नयेत म्हणून त्यांच्या फेरीवर छप्पर चढलं. खोलीचा घेर घोड्याच्या चालीनं ठरला. आपल्याकडं खळ्याचा घेर मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती फिरणाऱ्या बैलांनी ठरायचा, आणि मोटेची धाव, म्हणजे बैलांची उतरती वाट, विहिरीच्या खोलीनं. विहीर जितकी खोल, तितकी धाव लांब, कारण बैल उताराला जेवढं चालतील तेवढाच नाडा वर येणार. एवढं सरळ गणित आमच्या आर्किटेक्चरच्या कॉलेजात पाच वर्षांत कुणी शिकवलं नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की मोट गोडाऊनमध्ये टांगूच नका. मळ्याच्या वाटेवरची जुनी विहीर आहे, तिचं मोटेचं पाणी पडायचं थारोळं अजून शाबूत आहे असं बाबा म्हणाले. तिथली धाव साफ करा, लाकूड बदला, नाडा आणि सोंदूर हे दोर नवे वळून घ्या आणि वर्षातून दोन-चार वेळा, बेंदराच्या सणाला आणि शाळेच्या सहलींना, मोट खरी चालवा. चामड्याची मूळ मोट वापरू नका, ती तेल देऊन सावलीत ठेवा. चालवायला लोखंडी घ्या. गोडाऊन ते विहीर ही वाटच मग संग्रहालय होते. वाटेच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांत जुनी शाळू, करडई, जवस पेरता आली तर आणखी चांगलं. बांधकामाचा खर्च तर निम्म्यावर येईल.

दुसरं उदाहरण रेडिंगचं. लंडनच्या पश्चिमेला आहे ते. मैत्रिणीकडं राहून मुद्दाम बघून आले. तिथल्या विद्यापीठानं १९५१ साली इंग्लंडच्या ग्रामजीवनाचं संग्रहालय सुरू केलं आणि २००५ साली ते आताच्या जागेत नेलं. ही जागा म्हणजे बिस्किट कंपनीच्या मालकाची जुनी लाल विटांची हवेली, मधली बरीच वर्षं मुलींचं वसतिगृह. तिला मागच्या अंगाला नवी मोठी शेड जोडली. हवेलीत ऑफिस आणि कागदपत्रं, शेडमध्ये अवजारं. जुन्या इमारतीच्या पोटात जबरदस्तीनं गाड्या कोंबल्या नाहीत, हे मला फार आवडलं. आपल्या देशमुखांच्या वाड्यात संग्रहालय करा म्हणणाऱ्यांना हे सांगा: वाड्यात दप्तर, फोटो, पावत्या ठेवा, गाडी नको.

त्या शेडमध्ये घोड्यांच्या मालगाड्या ओळीनं उभ्या आहेत. दर जिल्ह्याची गाडी वेगळी. ऑक्सफर्डशायरची पिवळी, चाकं तांबडी, ससेक्सची निळी. एका गाडीपाशी मी खाली वाकून बराच वेळ बसले, तर रखवालदार येऊन विचारून गेला, बरं वाटत नाही का म्हणून. मी चाक बघत होते. चाक सपाट नसतं, आरे मधल्या तुंब्यापासून बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेले असतात, बशीसारखी खोली देतात चाकाला. घोडा चालताना गाडीला दोन्ही अंगांनी हिसके देतो. सरळ आऱ्याचं चाक त्या हिसक्यानं हळूहळू खिळखिळं होतं, झुकलेल्या आऱ्याचं तग धरतं. आणि पुढच्या चाकाला वळायला जागा मिळावी म्हणून गाडीची कंबर मधोमध आत घेतलेली. हे सगळं समजायला गाडीच्या चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे, खाली वाकता आलं पाहिजे. भिंतीला टेकवून पुढं दोरी बांधली की संपलं. तेव्हा आपल्या गाडीभोवती माणूस पोराला कडेवर घेऊन फिरेल एवढी मोकळी जागा सोडा. गाडीच्या आखाखाली ठोकळे द्या, म्हणजे वर्षानुवर्षांचं वजन चाकांवर राहणार नाही.

एसीचा हट्ट सोडा, हे चाकावरूनच कळेल. उन्हाळ्यात लाकूड आटतं, चाकावरची लोखंडी धाव सैल होते, मग तुम्ही चाकाला पाणी पाजत होता. एसी चालू-बंद होत राहिला की लाकूड वर्षभर आटतं-फुगतं. दिवसा गार कोरडं, रात्री बंद, पावसाळ्यात लाईट गेली की दमट. त्यापेक्षा हवा हळूहळू बदलणारी इमारत बरी. आपल्या गोडाऊनच्या दगडी भिंती जाड आहेत, हे नशीब आहे. त्या पाडू नका, आतून सिमेंटचा गिलावाही मारू नका, भिंतीतला ओलावा अडकून बसेल. पत्र्याखाली उकडतं हे खरं, पण त्याला उपाय स्लॅब नव्हे. पत्र्याखाली तट्ट्यांचं दुसरं छत घ्या, मध्ये हवा खेळू द्या, आढ्याजवळ झरोके ठेवा. चारी बाजूंनी पडवी काढा. तिरपा पाऊस भिंतीवर येणार नाही आणि सहलीची पोरं डबा खायला बसतील. पागोळ्यांचं पाणी लांब नेणारी गटार मात्र पहिल्या दिवशी करा. बाकी सगळं कमी-जास्त चालेल, ओल चालणार नाही. दमट हवेत लोखंड गंजतं आणि खालून वाळवी चढते.

उजेड उत्तरेकडून घ्या. काचेच्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला नकोत. बैलाची झूल, घोंगडी, जुनी खतावणी असल्या वस्तूंना संग्रहालयात ५० लक्स उजेड पुरे धरतात, म्हणजे मंद दिव्याएवढा. आपल्याकडचं बाहेरचं ऊन लाखाच्या घरात जातं. झुलीचा रंग दोन उन्हाळ्यांत उडेल. रेडिंगला १९५१ च्या ब्रिटन महोत्सवासाठी मायकेल ओकॉनेल या कलावंतानं रंगवलेले शेती-जीवनाचे सात प्रचंड पडदे आहेत. ते सगळे एकदम लावत नाहीत. आपणही बेंदराची झूल बेंदराच्या महिन्यात बाहेर काढावी, एरवी पेटीत.

लोक वस्तू आणून देतील तेव्हा लगेच आत घेऊ नका. भुंगा लागलेला एक नांगर सगळ्या लाकडाची वाट लावतो. इकडं नवीन आलेली वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे ३० अंशांत तीन दिवस किंवा उणे १८ ला दोन आठवडे गोठवतात, कीड मरते. तुम्ही म्हणाल तासगावात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत की. तिथं एवढं थंड नसतं, कीड फक्त झोपेल. तेव्हा पडवीचा एक कोपरा बंद करून तिथं वस्तू काही महिने वेगळी ठेवा, खाली काळा कागद अंथरा. पांढरट भुसा पडला की समजायचं किडा जिवंत आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर खरा वादाचा मुद्दा. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर ग्रामजीवनाचे पुतळे बघायला आपण गेलो होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "आपल्या गावात असलं एक झालं पाहिजे." ते पुतळे मलाही आवडले होते, कारागिरी मोठीच आहे, बारा बलुतेदार बघून काकू तर हरखून गेल्या होत्या. पण गावाला त्याची नक्कल करायची गरज नाही. आपल्याकडं खरी माणसं आणि खऱ्या वस्तू आहेत, सिमेंटवर पैसा का घालवायचा? आणि पुतळे सगळे कसे समाधानी दिसतात, भांडण नाही, कर्ज नाही, दुष्काळ नाही. आपल्या कपाटात सावकाराचा कागद सापडला तर तोही लावा. मोट शिवणाऱ्या घरांना, नांगर घडवणाऱ्या सुतार-लोहारांना, खुरपणीला येणाऱ्या बायकांना कमिटीवर बसवा. आता कमिटीत सगळे बागायतदारच आहेत (हे वाक्य वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा). नांगर धरणाऱ्याचं नाव पाटीवर येतं, तो घडवणाऱ्याचं येत नाही. घडवणाऱ्याला विचारल्याशिवाय अवजाराची अर्धी माहिती मिळतच नाही.

पाभरीचंच घ्या. रेडिंगपासून जवळच जेथ्रो टल नावाचा शेतकरी होऊन गेला. १७०१ च्या सुमारास त्यानं बी ओळीत पेरायचं यंत्र केलं, इकडच्या शाळांत पोरं ते घोकतात. पण १७९५ च्या आसपास हॅल्कॉट नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दक्षिण हिंदुस्थानात शेतकऱ्यांना पाभरीनं ओळीत पेरताना बघून चकित झाला. त्यानं त्याची माहिती आणि अवजार लंडनच्या शेती मंडळाकडं पाठवलं. पुढं १८८९ मध्ये व्होएल्कर नावाचा रसायनतज्ज्ञ सरकारनं हिंदुस्थानची शेती सुधारायला पाठवला. त्यानंही आपल्या अहवालात इथल्या शेतकऱ्याच्या कसबाची तारीफच केली. आपली पाभर मध्यभागी ठेवा. बी सोडायच्या चाड्यावर मूठ कशी धरायची ते आक्कांनी पोरांच्या हाताला हात लावून दाखवावं, चाड्यात वाळूच घालून का होईना.

त्याच्या शेजारी दोन नांगर: बाभळीचा आणि लोखंडी. लोखंडी किर्लोस्करांचा मिळाला तर उत्तम. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, १९१० ची वसाहत, आणि गावात कुणाच्या तरी परसात गंजत पडलेला असणारच. इकडं इप्सविचच्या रॅन्समनं १८०३ मध्ये ओतीव फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कडक करायची युक्ती पेटंट केली. वरची मऊ बाजू झिजत जाते, म्हणून फाळ चालता चालता आपोआप धारदार राहतो. असली एक गोष्ट पाटीवर चार ओळींत लिहिली तर माणूस थांबून वाचतो. 'नांगर – शेतीचे अवजार' असली पाटी लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

बुडापेस्टचं शेती संग्रहालयही मी बघितलंय, दिसायला सगळ्यात देखणं. ते एका किल्ल्यात आहे, आणि तो किल्ला मुळात १८९६ च्या प्रदर्शनासाठी लाकूड-पुठ्ठ्याचा केलेला देखावा. लोकांना इतका आवडला की नंतर दगडविटांत पुन्हा बांधला. बाहेरून वाह, आत नांगर पाहुण्यासारखा अवघडून उभा. कमिटीत कुणाला दारावर कमान हवी असेल तर फोटो दाखवते, पण नाद नको.

फोटोंवरून आठवलं. २०१८ मध्ये रेडिंगवाल्यांनी एका आडदांड मेंढ्याचा जुना फोटो ट्विटरवर टाकला आणि जगभर त्यांचं नाव झालं. तेव्हा घराघरांतले बैलांचे, गुऱ्हाळाचे, बेंदराचे फोटो गोळा करा. मूळ फोटो घेऊ नका, मोबाइलवर कॉपी काढा आणि मागं नावं लिहून परत द्या.

आता मला काय हवं ते. गाडीची, पाभरीची, चरकाची आणि गुळाच्या काहिलीची लांबी-रुंदी-उंची; गाडी जू-दांडीसकट मोजा. गोडाऊनच्या दाराची मापं, उंबरा किती उंच आहे तेही. विहिरीची खोली आणि धावेची लांबी. सुताराच्या म्हाताऱ्या आण्णांना गाडीपाशी बसवून एकेका भागाचं नाव बोलून घ्या, नातवाला मोबाइल धरायला सांगा. हे आलं की मी पंधरा दिवसांत नकाशा पाठवते, कॉन्ट्रॅक्टरला बाजूला सारायचं कारण नाही, काम त्यानंच करू दे. स्लॅबचं लोखंड मात्र अजून आणू नका.

बाबांचे गुडघे कसे आहेत ते काकूंनी खरं कळवावं, बाबा सांगत नाहीत. इकडं थंडी आहे पण घरात हीटर आहे, काळजी नसावी. चटणी पोचली, डबा फुटला नव्हता.

तुमची,
अश्विनी

ता. क. सिमेंटची बैलजोडी कमिटीनं मंजूरच केली असेल तर ती रस्त्याच्या कडेला बसवा. दारात नको, गाडी वळवायला तेवढी जागा लागणार आहे.